साधं लग्न, पण कुणासाठी?

"जुन्या काळची लग्नं कशी साधी आणि खरी होती नाही!" असं कुणी म्हणालं की मी हल्ली एकच विचारतो. खरी, पण कुणासाठी?

लग्नाच्या थीममध्ये 'रस्टिक' नावाचा एक प्रकार असतो. लाकडी गोठा, तागाचे रुमाल, काचेच्या बरण्यांत रानफुलं. प्रेरणा अर्थातच एकोणिसाव्या शतकातली खेड्यातली अमेरिका. आता ती बरणीच घ्या. जॉन मेसनने १८५८ साली आट्यांच्या तोंडाच्या बाटलीचं पेटंट घेतलं आणि पुढे ती शेतकरी बायकांच्या हिवाळ्याच्या बेगमीची वस्तू झाली. फुलं ठेवायला नव्हती हो ती! पांढऱ्या गाउनचंही तेच. १८४० मध्ये व्हिक्टोरिया राणीने घातला, मग श्रीमंतांनी उचलला. खेड्यातली नवरी बहुतेक वेळा गडद रंगाचा चांगलासा झगा घालायची, म्हणजे पुढे कित्येक वर्षं तो चर्चला जाताना चालेल.

"बघ, हाच तर साधेपणा!" मान्य. घरच्या घरी लग्न, घोड्यावरून फिरणारा पाद्री गावात येईल तोच मुहूर्त, दुसऱ्या दिवशी नवऱ्यामुलाकडे 'इन्फेअर' नावाचं जेवण. रात्री शेजारीपाजारी भांडी बडवत, बंदुकीचे बार काढत दाराशी हजर, खाणंपिणं मिळेपर्यंत हलायचे नाहीत. याला म्हणायचे 'शिव्हरी'. गंमतच! पण विधवेने लवकर दुसरं लग्न केलं किंवा जोडप्याच्या वयात फार अंतर असलं, की हाच दंगा शिक्षा म्हणून व्हायचा. थोडक्यात, 'लोक काय म्हणतील' हे काही आपलं एकट्याचं पेटंट नाही.

खरी गोम मात्र कायद्यात होती. इंग्रजी कायद्यातून आलेलं 'कव्हर्चर' म्हणजे काय, तर लग्न झालं की दोन रेकॉर्ड मर्ज करायची आणि बायकोचं डिलीट. तिची कमाई त्याची, भांडीकुंडी त्याची, तिच्या जमिनीचा कारभारही त्याच्याकडे. न्यूयॉर्कने १८४८ मध्ये बायकोला मालमत्तेचा हक्क दिला, पण स्वतःच्या कमाईवर हक्क मिळायला १८६० उजाडलं.

आणि जमीन? १८५० च्या ओरेगॉनच्या कायद्यात एकट्या गोऱ्या पुरुषाला ३२० एकर आणि लग्न झालेल्या जोडप्याला ६४० एकर, त्यातली अर्धी बायकोच्या नावावर. ऐकायला किती पुरोगामी! परिणाम काय, तर एकर वाढवायला पुरुष बायको शोधत सुटले आणि १४-१५ वर्षांच्या मुली बोहल्यावर चढल्या. उलट १८६२ च्या होमस्टेड कायद्यात २१ वर्षांची एकटी बाई स्वतःच्या नावाने १६० एकर मागू शकत होती. नवऱ्याबरोबर नांदणारी सहसा नाही, कारण कुटुंबप्रमुख तो! म्हणजे माळ घातली की हक्क गेला.

गुलामांबद्दल तर बोलायलाच नको. त्यांच्या लग्नाला कायद्यात किंमत शून्य. मालकाच्या मनात आलं की नवरा एकीकडे विकला, बायको दुसरीकडे. आणि त्याच मळ्यांवर लोक हौसेने लग्नं लावत आले. २०१९ मध्ये पिंटरेस्ट आणि 'द नॉट'ने अशा मळ्यांवरच्या लग्नांचा प्रचार थांबवायचं जाहीर केलं. दोन हजार एकोणीस!

आता नेहमीचा बचाव येईल, "अरे, काळच तसा होता." अजिबात नाही. १८५५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतघरात लुसी स्टोन आणि हेन्री ब्लॅकवेल यांनी लग्न केलं, आणि त्याच समारंभात या कायद्यांचा निषेध वाचून दाखवला. लुसीने नावही बदललं नाही. त्यापायी १८७९ मध्ये शाळा समितीच्या निवडणुकीतलं मत गमावलं, पण नवऱ्याचं आडनाव लावलं नाही. म्हणजे चूक काय आहे हे त्या काळातल्या माणसांनाही दिसत होतं. ज्यांना सोयीचं होतं, त्यांनी बघितलं नाही, एवढंच.

आपल्याकडे 'पूर्वीचं ते खरं' म्हणणारे हेच करतात. मंडपाचा खर्च मोजतात, आत बसलेल्या मुलीच्या नावावर काय होतं ते मोजत नाहीत.

असो. गोठ्यात लग्न करा, बरण्या टांगा, आपलं काही म्हणणं नाही. फक्त फुलं निवडण्याआधी एक काम करा. नव्या फ्लॅटच्या ॲग्रीमेंटवर दोघांची नावं आहेत का, तेवढं बघा. साधेपणाचं पुढे बघू.