ओसाड ठरवण्याआधी



यंदाच्या अंकासाठी 'वाळवंट आणि शेती' हा विषय निघाला तेव्हा संपादक मंडळातच कुणीतरी विचारले, कारखान्यांच्या पट्ट्यात वाळवंटाचे काय काम? काम आहे. "ती जमीन नाहीतरी ओसाडच होती" हे वाक्य पिंपरीपासून चाकणपर्यंत दोन पिढ्यांनी ऐकले आहे, आणि पुष्कळांनी ते खरेही मानले आहे.

1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. पुढे एमआयडीसी आली आणि भोसरी, आकुर्डी, तळेगाव, चाकण असा पट्टा वाढत गेला. त्यात खडकाळ माळ होता, हे कबूल. टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी कंपनीच्या आवारात अशाच उघड्या माळावर हजारो झाडे लावून घेतली, तलाव केला. आज त्या सुमंत सरोवरावर स्थलांतरित पक्षी उतरतात. पण निघोजे, म्हाळुंगे, खालुंब्रे या शिवारांत कांदा-बटाट्याची रानेही होती आणि ज्वारी-बाजरीची जिरायतही. जिरायत रान वैशाखात पाहा, कुणालाही ते उजाडच वाटेल. तेच रान श्रावणात पाहिलेला माणूस तसे म्हणणार नाही. जमिनीची पाहणी कोणत्या महिन्यात झाली, यावरही तिचे नशीब ठरते.

ज्याला निव्वळ माळ म्हणतात तोही रिकामा नसतो. दिवाळी झाली की धनगरांचे कळप घाटमाथ्याकडे आणि कोकणाकडे निघतात. वाटेवरचे शेतकरी त्यांना आग्रहाने थांबवून घेतात, कारण रात्री मेंढ्या रानात बसल्या की सकाळपर्यंत लेंडीखत पसरलेले असते. त्या मेंढ्या जगतात माळाच्या गवतावर, म्हणजे माळाचे गवत शेवटी कुणाच्या तरी ज्वारीत उतरते. सातबाऱ्यावर मात्र ती जमीन पड किंवा पोटखराब. अशी जमीन उद्या नांगरून हिरवी केली, तर काय मिळवले एवढेच मोजून भागणार नाही. काय गमावले तेही मोजावे लागेल.

वाळवंटात पीक येते का? येते. सतलज-बियासचे पाणी कालव्याने थरच्या वाळूत नेले आणि गंगानगर-हनुमानगढच्या बाजूला गहू-कापूस डोलू लागला. काही वर्षांनी त्याच भागात जमिनी पाणथळ झाल्या, क्षार वर आले. सौदी अरेबियाने खोल भूगर्भातले पाणी उपसून इतका गहू पिकवला की तो निर्यात होऊ लागला. ते पाणी पुन्हा भरणारे नव्हते, आणि 2016 मध्ये सरकारला देशी गव्हाची खरेदी थांबवावी लागली. मध्य आशियात कापसासाठी नद्या वळवल्या आणि अरल समुद्र आटला. तिन्ही ठिकाणी पीक आले होते. हिशोब चुकला तो पाण्याचा.

हा हिशोब नीट मांडणारा माणूस आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला. विलासराव साळुंखे पुण्यातले अभियंता-उद्योजक, अचूक मापनाची उपकरणे बनवणारे. 1972 च्या दुष्काळात त्यांनी पुरंदर तालुक्यात दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे पाहिली. त्यानंतर नायगावात देवस्थानची 40 एकर पडीक, उताराची जमीन त्यांनी भाडेपट्ट्याने घेतली. समपातळीत बांध घातले, खाली पाझर तलाव केला, विहीर खणली आणि मुरलेले पाणी वर चढवून पिकांना दिले. ज्या माळावर कुसळापलीकडे फारसे काही येत नव्हते, तिथे धान्य आले.

यापुढची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. पाणी दिसू लागले की भांडण दिसू लागते, हे साळुंखे जाणून होते. म्हणून त्यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने नियम आधी केले. पाणी एकरावर नाही, डोईवर मिळेल: माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ऊस लावायचा नाही. खर्चातला 20 टक्के वाटा शेतकऱ्यांनी उचलायचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यामागे जाणार नाही, आणि ज्याच्याकडे गुंठाभरही जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा. एका कारखानदाराने हे लिहावे, याचे मोठेपण आपल्या पट्ट्याने अजून पुरते ओळखलेले नाही.

आपल्याकडे पाण्याचा प्रश्न जमिनीपेक्षा जास्त पेटलेला आहे. 9 ऑगस्ट 2011 रोजी पवना धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडकडे नेणाऱ्या बंद जलवाहिनीच्या विरोधात मावळात बऊरजवळ शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले, गोळीबार झाला, तीन जण गेले. भामा आसखेडचे पाणी पुण्याकडे आणि पिंपरी-चिंचवडकडे नेतानाही धरणग्रस्तांना पुन्हा पुन्हा आंदोलनाला बसावे लागले. आमच्या घरच्या नळाला येणारे पाणी कुणाच्या तरी रानाला न मिळालेले पाणी असू शकते, हे शहरात राहणाऱ्या मला आणि तुम्हाला टाळता येणार नाही. वरच्या बाजूची शिवारे कोरडी पाडून खाली "जमीन ओसाड आहे, उद्योगाला द्या" म्हणणे हा अन्याय आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. औद्योगिक क्षेत्राच्या नव्या टप्प्यासाठी एखाद्या गावाची जमीन घेण्याआधी त्या गावाचा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जावा. ओढे कोणते, विहिरींना पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, चराई कुणाची, कोणत्या पिकाला किती पाणी लागते, कारखाना किती घेणार आणि वापरून सोडलेले पाणी कुठे जाणार. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार दरवर्षी पाऊस मोजून पिके ठरवते. तिथे हे गावकरी करतात. मायक्रॉनमध्ये माप घेणारी माणसे तर आपल्या पट्ट्यात घरोघरी आहेत. त्यांनी गावकऱ्यांच्या बाजूने या कामाला बसावे.



— संपादक