फुंकर, टॉवेल आणि फॉरमॅट

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्यांना ही फुंकर समजावून सांगायला नको. कॅसेट खोचली, बटण दाबलं, आणि मारिओऐवजी पडद्यावर नुसते रंगीत ठोकळे. मग कॅसेट बाहेर काढायची, तिच्या दातांवरून एक लांबलचक फुंकर मारायची, पुन्हा आत घालायची. बहुतेक वेळा खेळ सुरू होई. हे आम्हाला कुणी शिकवलं कोण जाणे. गंमत म्हणजे तिकडे अमेरिकेतली मुलंही नेमकं हेच करत होती.

फुंकरीचा त्यात काही पराक्रम नव्हता. निन्टेन्डोनं १९८३ साली जपानमध्ये 'फॅमिकॉम' आणला, त्यात कॅसेट वरून खोचत. आपल्याकडचे बरेचसे टीव्ही गेम ही त्याचीच नक्कल. अमेरिकेत मात्र तेव्हा व्हिडिओ गेमचा धंदा बसलेला, दुकानदार ते नावही ऐकायला तयार नव्हते. म्हणून १९८५ साली तिथे आणलेल्या यंत्राला व्हीसीआरसारखं रूप दिलं. कॅसेट समोरून सरकवायची आणि खाली दाबायची. त्या दाबानं आतला ७२ पिनांचा जोड सैल होत जाई. शिवाय परवानगीवाचूनची कॅसेट चालू नये म्हणून एक पहारेकरी चिप बसवलेली. तिला नीट संपर्क मिळाला नाही की ती यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करी आणि पडदा लुकलुकत राही. कॅसेट काढून परत बसवली की पिना जुळत. श्रेय फुंकरीला! तोंडाच्या ओलाव्यानं धातू उलट खराब होतो, असं कंपनी पुढे सांगत राहिली. ऐकतो कोण?

दुसरा किस्सा मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सबॉक्स ३६०'चा. त्यावर तीन लाल दिवे लागले की यंत्र संपलं म्हणायचं. लोकांनी उपाय काढला, चालू यंत्र टॉवेलात गुंडाळून ठेवायचं! तापून ते कधी कधी चालू होई आणि थोड्याच दिवसांत कायमचं बंद पडे. दोष होता तापण्या-निवण्यानं तुटणाऱ्या आतल्या सूक्ष्म जोडांचा. म्हणजे टॉवेलानं रोगच वाढे. कंपनीनं २००७ साली या दोषासाठी हमी तीन वर्षांची केली आणि त्यापायी शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली.

या दोन्ही गोष्टी मी हसून सोडून दिल्या असत्या. पण आपल्याकडे आजही एक फुंकर चालते, तिचं नाव फॉरमॅट.

ताईकडे भाच्याच्या कॉम्प्युटरवर गेम वीसेक मिनिटांत बंद पडे आणि एक लांब आकडा उमटे. दुरुस्तीवाल्यानं फोनवरच निदान केलं, "फॉरमॅट मारावं लागेल." ताई म्हणाली, "तो गेमच काढून टाक, मेला." त्याच डिस्कवर आमच्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, शेवटच्या वर्षी भाच्यानंच रेकॉर्ड केलेल्या. दुसरीकडे कुठे प्रत नव्हती.

मी म्हटलं, थांबा. आधी ओव्यांची प्रत काढली. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं ठरवलं. दुसरा गेम लावला, तोही पडला. म्हणजे दोष एकट्या त्या गेमचा नव्हे. बुद्धिबळ तासभर निर्धास्त चालला. आणि भारी गेम बंद पडल्यावर लगेच पुन्हा लावला, तर पाचच मिनिटं टिकला. भाचा म्हणाला, "मामा, हा तापतोय." त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मला मोठमोठ्या गुणपत्रिकांपेक्षा मोलाचा वाटला.

माझा राग आहे तो त्या आकड्यावर. आपण का थांबलो, हे गेमला प्रत्येक वेळी कळत नसेल, मान्य. पण 'काय करत असताना थांबलो' एवढं दोन साध्या ओळींत लिहायला काय हरकत आहे? कारण दिसलं नाही की माणूस मंत्रतंत्राकडे वळणारच; आणि फॉरमॅटचा मंत्र कुणाच्या आईचा आवाज पुसून जातो, याचा हिशेब कुठला आकडा देत नाही.

वायर काढून आम्ही बाजूचं झाकण उघडलं. पंख्यामागे धुळीची चक्क गोधडी. भाचा फुंकर मारायला वाकला, तसं मी त्याचं तोंड बाजूला केलं आणि हातात रंगकामाचा कोरडा ब्रश दिला.

ओव्या आता तीन घरांत आहेत.