दोष नेहमी ड्रायव्हरचाच का?



बिनतारी कीबोर्ड किंवा माऊस रुसला, की आपल्या घरांतून एकच निदान ऐकू येते : "ड्रायव्हर गेला!" मग कुठून तरी 'ड्रायव्हर दुरुस्त करणारा' फुकटचा प्रोग्रॅम उतरवला जातो, नाही तर रुवीच्या दुकानातून नवा कीबोर्ड येतो. आम्हाला हे दोन्ही उपाय पटत नाहीत. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असला हा प्रकार आहे.

ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि यंत्र यांच्यामधला दुभाषा. साध्या कीबोर्ड-माऊससाठी यूएसबीचे ठरलेले नियम आहेत, त्यांना 'एचआयडी' म्हणतात. ते नियम पाळणाऱ्या यंत्रासाठी लागणारा दुभाषा विंडोज, मॅक आणि लिनक्समध्ये आधीच बसवलेला असतो. वेगळा ड्रायव्हर लागतो तो बहुधा जादा बटणांसाठी, आणि तोही कंपनीकडूनच घ्यावा. अनोळखी ठिकाणच्या 'औषधा'तून व्हायरस येऊ शकतो. ज्या संगणकावर मुले खेळतात, त्याच संगणकावर आईबाबा बँकेचे व्यवहारही करतात, हे विसरू नये.

तपास क्रमाने करावा, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी होत नाही.

१) सेल बदला. खालचे बटण चालू आहे का, ते पाहा. माऊस पारदर्शक काचेवर ठेवला असेल तर खाली कागद घाला. साध्या माऊसच्या प्रकाशाला काच 'दिसत' नाही.

२) नखाएवढा रिसीव्हर दुसऱ्या जागी लावा. बहुतेक रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. यूएसबी ३ च्या जोडणीतून याच पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेलने २०१२ मध्ये दाखवून दिले आहे. शेजारी हार्ड डिस्क लावलेली असेल तर रिसीव्हर दूर न्या.

३) तोच कीबोर्ड दुसऱ्या संगणकावर लावून पाहा. तिथे चालला, तर कीबोर्ड निर्दोष!

४) इतके झाल्यावरच ड्रायव्हरकडे वळा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून ते यंत्र काढून टाका आणि संगणक पुन्हा सुरू करा. ड्रायव्हर आपोआप पुन्हा बसतो. या कामासाठी घरात एक तारेचा माऊस ठेवावाच.

आपल्या ओमानमध्ये आणखी एक गंमत होते. इथल्या कीबोर्डांवर इंग्रजीशेजारी अरबी अक्षरे छापलेली असतात. अरबी भाषा बसवलेल्या संगणकावर चुकून ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले गेले, की इंग्रजीऐवजी अरबी उमटू लागते आणि पासवर्ड चुकतो. कीबोर्ड बिघडलेला नसतो, फक्त भाषा बदललेली असते. त्याच दोन कळा पुन्हा दाबल्या की काम झाले.

यातच आमच्या मुख्य मुद्द्याचे मूळ आहे. "आमच्या कीबोर्डवर मराठी नाही," असे सांगून मुले आजीला रोमन लिपीत पत्र लिहितात आणि आपण ते चालवून घेतो. पण कळीवरचे अक्षर म्हणजे नुसता रंग! कळ संगणकाला केवळ एक क्रमांक पाठवते. त्याचे अक्षर कोणते करायचे, ते संगणक ठरवतो. जी कळ अरबी लिहिते, तीच मराठीही लिहिते. विंडोजच्या भाषांच्या यादीत मराठी जोडली की पुरे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाण ठरवलेली 'इनस्क्रिप्ट' मांडणी तिथे तयार आहे. तिच्यात 'जे'च्या कळीवर 'र' आहे आणि शिफ्टबरोबर 'ऱ'. म्हणून डोंगरातल्या 'दऱ्या' आणि समुद्र म्हणजे 'दर्या' हे दोन्ही शब्द वेगळे लिहिता येतात. ओमानमध्ये तर दोन्ही आहेत! रोमन लिपीत मात्र दोघांचे 'दर्या'च होते.

पालकांना आमची विनंती आहे : कीबोर्ड अडला तर लगेच खिशात हात घालू नका. वरची यादी मुलांच्या हाती द्या आणि त्यांनाच तपास करू द्या. कारण शोधण्याची सवय नव्या कीबोर्डापेक्षा फार मोलाची आहे. आणि मुलांनो, माऊस सुरू झाला की पहिले काम एकच : आजीला दोन ओळी लिहा, देवनागरीत!