विरोधाभास वाक्यात असतो, शिवारात नसतो

#धागा

१/ पेणच्या खारेपाटाविषयी एक वाक्य वारंवार लिहिले जाते : तालुक्यात हेटवण्याचे धरण, आणि खारेपाटातली गावे मात्र उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून; केवढा हा विरोधाभास! या वाक्यातला एकच शब्द खोटा आहे, तो म्हणजे शेवटचा. तो खोटा का, आणि त्या खोट्याने कोणाची सोय होते, याचा हा धागा.

२/ प्रश्न जुना आहे. विरोधाभास वास्तवात असू शकतो की केवळ भाषेत? 'हे वाक्य खोटे आहे' हे वाक्य खरे मानावे तर खोटे ठरते, खोटे मानावे तर खरे. ग्रीक परंपरा या कोड्याचे श्रेय युबुलिडीसला देते. भारतात भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त असल्याच एका विधानाचा विचार केला आणि सांगितले की, बोलणाऱ्याच्या विधानात ते विधान स्वतः मोडत नाही. वाक्य स्वतःकडेच बोट दाखवू लागले की हा गुंता होतो. नदीला आणि भाताच्या लोंबीला तसे बोट नसते.

३/ मराठीने तर उत्तर शब्दातच ठेवले आहे : विरोधाचा आभास. हा शब्द मुळात अलंकारशास्त्रातला. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त या अलंकाराची ओळख अशी आहे की, वस्तुतः विरोध नसताना विरोध असल्यासारखे बोलणे. म्हणजे हा दागिना वाणीचा. इतिहासलेखक तो उचलून घटनेच्या गळ्यात घालतात, तिथे घोटाळा सुरू होतो.

४/ रोह्याचे उदाहरण पाहावे. ज्यांचे बालपण रोह्यात गेले ते चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्या सहीच्या दहाच्या नोटेवर धारकाला दहा रुपये देण्याचे वचन होते. पण ती नोट म्हणजेच दहा रुपये ना? मग वचन कशाचे? वाक्य स्वतःच्याच शेपटीभोवती फिरते.

५/ कायदा उघडला की फिरणे थांबते. एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नसून भारत सरकारची. तिच्यावर वित्त सचिवाची सही असते, वचन नसते, आणि कायदा तिला नाण्याच्या बरोबरीने मानतो. १९३४ च्या कायद्याने बँकेवर मागणी होताच नोटांच्या बदल्यात रुपयाची नाणी देण्याचे बंधन घातले. देणारा वेगळा, द्यायची वस्तू वेगळी. कोडे 'रुपया' या एका शब्दाच्या दोन अर्थांत होते, तिजोरीत नव्हतेच.

६/ हे झाले बुद्धीचे खेळ. आता भाकरीचा प्रश्न. पेणपासून अलिबागपर्यंतच्या खारेपाटात कुळांनी बांध घालून समुद्र मागे हटवला, भात पिकवला, आणि तीच माणसे अर्धपोटी राहिली. 'पिकवणाराच उपाशी' हाही लोकप्रिय विरोधाभास! प्रत्यक्षात पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी जात होता. कोठार भरले आणि पोट रिकामे राहिले, ते एकाच कारणाने. यात न समजण्यासारखे काय आहे?

७/ कुळांना ते नीट समजले होते. म्हणून १९३३ मध्ये चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतीच न कसण्याचा संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत चालवला. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. विरोधाभासाविरुद्ध कोणी संप करीत नाही आणि विधेयकही मांडत नाही. ते वाटपाविरुद्ध होते.

८/ पहिला आक्षेप डावीकडून येतो : समाजात अंतर्विरोध असतातच की! असतात. पण खोत आणि कूळ यांच्यातला विरोध हा हितसंबंधांचा संघर्ष आहे. दोन बैल दोन दिशांना ओढतात, म्हणून गाडी एकाच क्षणी दोन्हीकडे जात नाही. संघर्ष वास्तवात असतो. 'आहे आणि नाही' एकाच वेळी असणे केवळ बोलण्यात असते.

९/ दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे : कायदा, पैसा, मालकी ही वास्तवे शब्दांचीच बनलेली आहेत, मग शब्दांतला विरोध त्यांत उतरणारच. कागदावर तो उतरतो, हे मान्य केले पाहिजे. एक कलम कुळाला हक्क देईल, दुसरे तोच काढून घेईल. पण सुगीच्या दिवशी भात कोणत्या तरी एकाच घरी जाते. एकच खंडी भात एकाच वेळी दोन कणग्यांत राहत नाही. कायदा दुटप्पी असतो तेव्हा निवाडा बळ करते, आणि इतिहासाने नोंदवायचे असते ते बळच.

१०/ रोह्याची कुंडलिका हेच सांगते. मुळशीचा पाऊस भीमेच्या खोऱ्यातून बंगालच्या उपसागराकडे जाणारा. टाटांच्या धरणाने तो अडवला. पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरवून १९२७ पासून वीज निघू लागली, आणि तेच पाणी कुंडलिकेतून रोह्यावरून अरबी समुद्राला मिळते. पूर्वेचे पाणी पश्चिमेला! ऐकायला चमत्कार, पाहायला धरण आणि नळ. त्या धरणासाठी जमिनी गेलेल्या मावळ्यांनी १९२१ ते १९२४ सत्याग्रह केला, सेनापती बापटांनी तुरुंगवास सोसला. त्यांच्या लेखी हा अलंकार नव्हता.

११/ आता पुन्हा पेण. हेटवण्याचे पाणी सिडकोच्या जलवाहिनीतून नवी मुंबईकडे गेले. जलवाहिनीची दिशा ठरवावी लागते, निधी मंजूर करावा लागतो, कोणते गाव आधी आणि कोणते नंतर हे लिहावे लागते. 'विरोधाभास' म्हटले की यातला एकही निर्णय दिसत नाही. उरते ते नशीब, आणि नशिबाला जाब विचारता येत नाही.

१२/ म्हणून इतिहासाच्या तरुण अभ्यासकाने एक शिस्त पाळावी. लिहिताना 'विरोधाभास' हा शब्द सुचला की तिथेच थांबून पाहावे : वाटा कोणी ठरवला, आदेशावर सही कोणाची होती, आणि पाणी कोणत्या दिशेने वळवले. ती उत्तरे मिळाली की हा शब्द आपोआप गळून पडतो. मिळाली नाहीत, तर संशोधन अजून संपलेले नाही.

(धागा समाप्त)