विश्लेषण : जर्मनीत बारा महिने एकच टायर चालेल का?

पुण्या-मुंबईत टायर बदलायचा तो गुळगुळीत झाल्यावर. नोकरीसाठी म्युनिक किंवा स्टुटगार्टला गेलेल्या मराठी माणसाला मात्र ऑक्टोबर उजाडताच सहकारी विचारतात, ‘टायर बदलले का?’ नुकतीच सेकंडहँड गाडी घेतलेली असते, त्यात दुसऱ्या संचाचा खर्च जिवावर येतो. मग ‘ऑल-सीझन’ हा सोपा मार्ग वाटतो.

रबराचे गणित काय?

उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंशांखाली कडक होऊन पकड सोडू लागते. हिवाळी टायर थंडीतही लवचिक राहतो, त्याच्यावरच्या बारीक चिरा बर्फ धरतात. जुलैत मात्र तोच टायर मऊ पडतो, लवकर झिजतो आणि ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. ऑल-सीझन ही तडजोड आहे. दोन्ही कामे करतो, पण दोन्हीकडे थोडा मागे.

कायदा काय सांगतो?

जर्मनीत तारखेचे बंधन नाही. रस्त्यावर बर्फ असेल तर टायरवर तीन शिखरे आणि हिमकणाचे चिन्ह हवे. नुसती ‘एम+एस’ ही अक्षरे ३० सप्टेंबर २०२४ नंतर चालत नाहीत. नियम मोडल्यास ६० युरो दंड आणि परवान्यावर एक गुण. शेजारच्या ऑस्ट्रियात हिवाळी टायरची खाच किमान ४ मिलिमीटर लागते. जर्मनीत १.६ पुरते. विकेंडला सीमा ओलांडणारे नेमके इथेच फसतात.

मग घ्यावे काय?

दोन संच म्हणजे दुप्पट खर्च, हा समज अर्धाच खरा. प्रत्येक संच अर्धे वर्षच झिजतो. रोज पहाटे गावाकडून कामावर जाणाऱ्याने किंवा आल्प्सच्या वाऱ्या करणाऱ्याने दोन संचच घ्यावेत. ‘बर्फ पडला तर गाडी काढणार नाही’ हा युक्तिवाद टिकत नाही. बर्फ अर्ध्या वाटेतही पडतो. पण ट्रामने ऑफिस गाठून फक्त रविवारी गाडी काढणाऱ्याचे टायर झिजण्याआधी वयानेच कडक होतात. त्याला दोन संच म्हणजे उधळपट्टी. चिन्ह असलेला ऑल-सीझन त्याला पुरे.

जुनी गाडी घेताना टायरच्या कडेवरचे ‘डीओटी’चे शेवटचे चार आकडे वाचावेत. ३५१७ म्हणजे २०१७चा पस्तिसावा आठवडा. खाच कितीही खोल दिसो, अशा टायरचे पैसे गाडीच्या भावातून वजा करून मागावेत.