औषधखरेदी आणि वैद्याचे उत्तरदायित्व

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील उपकल्पनीय अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत वाचला, परीक्षेत लिहिला आणि बहुधा तेथेच ठेवून दिला. राजाला अथवा राजतुल्य धनिकाला वमन-विरेचन देऊ इच्छिणाऱ्या वैद्याने औषध पाजण्यापूर्वीच सर्व संभार जमवून ठेवावा, असे आचार्य तेथे सांगतात आणि त्याचे कारणही देतात. संकट दाराशी येऊन ठेपल्यावर, क्रयविक्रयाची सोय असली तरी, हवे ते औषध हवे तसे तत्काळ मिळणे सुकर नसते. आजच्या भाषेत बोलायचे तर खरेदी विभागाचा पहिला धडाच या अध्यायात आहे. तरीही 'खरेदी' हा शब्द कानी पडताच आपण वैद्य मंडळी मान फिरवतो. ते काम कारकुनाचे, भांडारपालाचे. आपले काम नाडी पाहण्याचे, अशी आपली समजूत असते. ही समजूत रुग्णाला महाग पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यवतमाळ जिल्ह्याचे तालुके सोळा. उमरखेड-महागावकडचा गंभीर रुग्ण नांदेडला जातो, वणी-मारेगावकडचा चंद्रपूर-नागपूरची वाट धरतो. झरी जामणी, केळापूर भागातील कोलाम पाड्यांवरचा रुग्ण मात्र बहुधा कोठेच जात नाही. जवळच्या दवाखान्याच्या कपाटात जे असेल तेच त्याचे औषध. दरिद्री रुग्णाने आपत्काळी दुर्लभ संभाराची वाट न पाहता प्रसंगानुरूप शोधन घ्यावे, अशी सवलत आचार्यांनी त्याच अध्यायात दिली आहे. परंतु आजच्या दरिद्री रुग्णासाठी सार्वजनिक दवाखाना उभा आहे. राजासाठी जो संभार वैद्य जमवीत असे, तो या रुग्णासाठी जमविणे हे त्या दवाखान्याचे कर्तव्य ठरते, आणि ते पार पडते ते खरेदीच्या टेबलावरच.

ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात दोन दिवसांत ३१ रुग्ण दगावल्याचे वृत्त आले, तेव्हा औषधांच्या तुटवड्याचा आरोप झाला, शासनाने तो नाकारला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या वादाचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु औषधखरेदी हा जीवनमरणाचा विषय आहे, हे त्या दिवसांत सर्वसामान्य माणसालाही उमगले. राज्याची औषधखरेदी २०१७ साली हाफकिन महामंडळाकडे सोपविण्यात आली. पुढे २०२३ च्या कायद्याने महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापण्याचे ठरले. यंत्रणा बदलल्या, नावे बदलली. मागणीपत्रक मात्र अजूनही खालूनच, दवाखान्यातूनच वर जाते. त्यावर आपलीच सही असते.

खरेदीची साखळी एकदा नीट समजून घेतली पाहिजे. मागणी नोंदविणारा, वस्तूचा तपशील ठरविणारा, दर मागवून तुलनात्मक तक्ता करणारा, मंजुरी देणारा, आलेला माल तपासून स्वीकारणारा आणि देयक अदा करणारा, अशी ही सहा कामे आहेत. ती वेगवेगळ्या हातांत ठेवण्यामागे शहाणपण आहे. ज्याने मागितले त्यानेच निवडले, त्यानेच स्वीकारले आणि त्यानेच पैसे दिले, तर गैरव्यवहाराला दार मोकळे होते. परंतु या विभागणीचा एक दोषही आहे. प्रत्येक जण आपापल्या कागदापुरता जबाबदार राहतो आणि औषधाला धनी उरत नाही. सहांपैकी पहिले, दुसरे आणि पाचवे ही तीन कामे वैद्याच्या ज्ञानावाचून होऊच शकत नाहीत. उरलेल्या तीन कामांपासून वैद्याने कटाक्षाने दूर राहावे.

पहिले काम मागणीचे. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका ग्रामीण दवाखान्यात आम्ही जे पाहिले ते सांगितल्यावाचून राहवत नाही. मागील वर्षाच्या मागणीपत्रकावर केवळ वर्ष बदलून तेच पत्रक वर पाठविले गेले होते. मार्चच्या अखेरच्या आठवड्यात, निधी परत जाऊ नये म्हणून, वर्षभराची चूर्णे एकदम येऊन पडली. आषाढात त्यांचे गोळे झाले. एका वृद्ध शेतकऱ्याने पुडी उघडून हुंगली आणि म्हटले, "साहेब, याले तं वासच नाही." त्या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. मागणीपत्रक तयार करणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

शार्ङ्गधराने चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी क्षीण होते असे सांगितले आहे. गुटिका व अवलेह यांना वर्षाची मर्यादा दिली आहे. आसव, धातू व रसकल्प मात्र जुने झाल्याने अधिक गुणवान होतात असे म्हटले आहे. औषधविषयक नियमांतही चूर्णाला दोन वर्षांची, तर आसवारिष्टांना दहा वर्षांची मुदत मिळते. शास्त्र आणि नियम यांतील अंतर कसे मिटवायचे, हा वेगळा चर्चाविषय आहे. पण सर्व कल्पांची खरेदी एकाच वेळी करू नये, याविषयी दोहोंचा कौल एकच आहे. आसवारिष्टे वर्षातून एकदा घ्यावीत. चूर्णांचा दर वर्षासाठी ठरवून पुरवठा दोन-तीन महिन्यांच्या टप्प्यांनी मागवावा. पुरवठा आदेशात ही एक ओळ घालण्यास कोणत्याही लेखाधिकाऱ्याची हरकत असण्याचे कारण नाही. ती ओळ सुचविणारा वैद्यच तेथे नसतो.

मागणीचे प्रमाणही बाह्यरुग्ण नोंदवहीवरून ठरवावे. समजा, एखाद्या चूर्णाचा खप महिन्याला ४ किलो आहे आणि आदेश दिल्यापासून माल येण्यास ३ महिने लागतात. तेव्हा १२ किलो साठा त्या प्रतीक्षेतच संपेल. त्यात महिन्याभराची शिल्लक धरली, तर साठा १६ किलोवर येताच मागणी गेली पाहिजे. ऋतुचर्या शिकलेल्या वैद्याला वर्षाऋतूतील अतिसार आणि शरदातील पित्तविकार यांची मागणी आधी का सुचू नये?

दुसरे काम तपशिलाचे. सर्वांत कमी दराचाच माल घ्यावा लागतो, म्हणून दर्जा राहत नाही, ही तक्रार आपण नेहमी करतो. ती अर्धसत्य आहे. दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत आधी तांत्रिक लिफाफा उघडतो. जो त्यात उतरतो त्याचाच दराचा लिफाफा उघडला जातो. किमान दर पाहायचा तो पात्र ठरलेल्यांमध्ये. आपणच मोघम तपशील लिहिला तर सगळेच पात्र ठरतात. मागणीपत्रकात नुसते 'रास्ना' लिहिले, तर उत्तरेतील पुरवठादार एक वनस्पती पाठवील, दक्षिणेतील कुलिंजन पाठवील, आणि दोघेही आपापल्या परीने खरे ठरतील. 'अशोकाची साल' म्हटल्यावर उद्यानातल्या उंच, खोट्या अशोकाची साल येण्याचा धोका असतोच. म्हणून वनस्पतीचे शास्त्रीय नाव, प्रयोज्य अंग, भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाचे मानक, शिसे-पारा-आर्सेनिक-कॅडमियम यांच्या मर्यादांचा तपासणी अहवाल, उत्पादकाचा परवाना, आणि पुरवठ्याच्या दिवशी मुदतीचा किती भाग शिल्लक असावा, हे सर्व लिहून दिले पाहिजे. हे ज्ञान खरेदी समितीतल्या लेखापालाकडे असावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

पाचवे काम स्वीकृतीचे. खोकी मोजली, सही झाली, साठा नोंदवहीत नोंद पडली, की माल 'चांगला' ठरतो. २०२४ साली नागपुरातील शासकीय रुग्णालयाच्या साठ्यात प्रतिजैविकाच्या बनावट गोळ्या आढळल्याचे उघड झाले. तेथेही कागद जागच्या जागी असावेत. आपल्याकडे वर्ण, गंध, रस, स्पर्श यांची परीक्षा आहे. ती प्रयोगशाळेची जागा घेऊ शकत नाही, पण पहिला पहारा निश्चित करू शकते. प्रत्येक घाणीचा एक नमुना सीलबंद ठेवावा आणि शंका येताच तपासणीस पाठवावा. ज्याची मुदत आधी संपते ते आधी वाटावे, एवढी शिस्त तरी कपाटात असावी.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की रुग्णांच्या गर्दीत वैद्याला वेळ कोठे? आमचे उत्तर असे की, निर्वीर्य औषध देऊन तोच रुग्ण चार वेळा तपासण्यात अधिक वेळ जातो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वैद्य समितीत बसला, तर तो आपल्या आवडत्या कंपनीची शिफारस करणार नाही कशावरून? हे भय खोटे नाही. दहा बाटल्यांवर तीन मोफत देणाऱ्या योजना, भेटवस्तू, सहली यांना आपण खाजगी चिकित्सालयांत सरावलो आहोत. म्हणून वैद्याने तपशील लिहावा, कंपनीचे नाव लिहू नये. आपला कोणाशी आर्थिक संबंध असेल तर तो लेखी कळवून बाजूला व्हावे. हा नियम आधी आपल्या स्वतःच्या चिकित्सालयाला लावावा. एकट्या वैद्याचे दुकानवजा औषधकपाट हाही एक खरेदी विभागच आहे, आणि तेथे सहाही कामे एकाच माणसाकडे असतात!

आपल्या संघटनेने या कामी पुढाकार घ्यावा, अशी आमची सूचना आहे. नेहमी लागणाऱ्या पन्नास कल्पांचे व द्रव्यांचे नमुना तपशीलपत्रक मराठीत तयार करून प्रत्येक तालुक्याला द्यावे. द्रव्यगुण जाणणाऱ्या तिघांचे परीक्षक मंडळ नेमावे. कोणत्याही दवाखान्याने शंकास्पद नमुना त्यांच्याकडे पाठवावा. याला फार पैसा लागत नाही, चिकाटी मात्र लागते.

चतुष्पादात भिषक् पहिला आणि द्रव्य दुसरे. पहिल्या पादाने दुसऱ्याची चौकशीच करायची नाही असे ठरविले, तर उपस्थाता कितीही दक्ष आणि रुग्ण कितीही आज्ञाधारक असला तरी चिकित्सा लंगडीच राहणार. पुडी हुंगून पाहणाऱ्या त्या शेतकऱ्याला पुढच्या वेळी औषधाचा वास यावा, इतकेच आमचे मागणे आहे. आणि त्या मागणीपत्रकावर पहिली सही वैद्याचीच असली पाहिजे.