मूलपेशी आणि एक्झिमा: अर्धीच गोष्ट


एक्झिमावर मूलपेशी ‘रामबाण’ असल्याचे वाचकपत्र वाचले आणि राहवले नाही. माझी मुलगी झोपेत कोपराच्या आतली बाजू रक्त येईपर्यंत खाजवते; सकाळी चादरीवर डाग असतात. अशा घरातली माणसे आशेच्या एका शब्दावरही कर्ज काढतात.

कल्पना पोकळ नाही. नाळेच्या रक्तातल्या मेसेन्कायमल मूलपेशी प्रोस्टाग्लँडिन ई२सारखी द्रव्ये सोडून खाज भडकवणाऱ्या मास्ट पेशींना आवरतात, भडकलेली प्रतिकारशक्ती शांत करतात. पण पत्रात दाखला दिलेला दक्षिण कोरियातला २०१७चा अभ्यास अवघ्या ३४ रुग्णांचा होता, आणि त्यात तुलनेसाठी प्लासिबो (औषधाविना दिखाऊ उपचार) गटच नव्हता. आपोआप चढणाऱ्या-उतरणाऱ्या आजारात ही फार मोठी उणीव आहे. त्याच उपचाराची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी २०१९मध्ये मुख्य उद्दिष्ट गाठू शकली नाही, हे पत्रलेखकाने सांगायलाच हवे होते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असे उपचार फक्त मान्यताप्राप्त चाचणीत देता येतात आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. मग पत्रात या उपचाराचे ‘पॅकेज’ कुठून आले? दर सांगणाऱ्या दवाखान्याकडे पालकांनी आधी चाचणीचा सीटीआरआय (भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागावा.

– एक पालक, सांगली